चिंचाळ्याचा लाल भाग

माझ्या सासूबाईंना तळ्यात उतरायची बंदी मी घातली. तीही दसरा तोंडावर आलेला असताना, आणि चक्क अंतराळातून. सुनांनी सासवांना छळल्याच्या गोष्टी तुम्ही पुष्कळ ऐकल्या असतील, पण उपग्रह लावून छळणारी सून पनवेलात तरी मीच पहिली.

तळ्याचं नाव चिंचाळे. आमच्या बाल्कनीतून दिसतं. अलीकडे देवीचं देऊळ, पलीकडे ठेंगणी भिंत, आणि भिंतीला लागून तलाव समितीनं केलेलं लांबरुंद लॉन. लॉनवर सकाळी हास्य क्लब असतो आणि संध्याकाळी मी असते. वजन कमी करायला रोज चकरा मारते. वजनाला अजून हे कुणी कळवलेलं नाही. लॉनच्या पार टोकाला चार दगडी पायऱ्या आहेत, कुठून न येणाऱ्या आणि कुठे न जाणाऱ्या. कुणातरी आर्किटेक्टचं डोकं चाललं असेल, असं म्हणून मी त्यांच्यावर बसून बुटाची नाडी बांधते. लग्न होऊन पनवेलला आल्यापासून बांधतेय.

इतर गावांत दसऱ्याला लोक शीव ओलांडतात, आमच्या आळीत तळं ओलांडतात. देवळाकडून पाण्यात उतरायचं, पोहत पलीकडच्या काठाला लागायचं आणि डोक्याला बांधून नेलेली आपट्याची पानं तिथे वाटायची. हेच आमचं सीमोल्लंघन. पिढ्यान् पिढ्या हे काम पुरुषांचं होतं. मग बायकांचा एक गट सकाळी पोहायला लागला, आणि त्यांनी समितीला सरळ सांगितलं की दसऱ्याला आम्हीही येणार.

माझ्या सासूबाई, रमाबाई, त्या गटात कशा गेल्या तीही एक गोष्टच आहे. सासरे गेल्यावर आई नुसत्या बसून असायच्या. टीव्ही चालू आणि नजर भिंतीवर. वरद, म्हणजे माझा नवरा, द्रोणागिरीच्या गोदामांत अडकलेला आणि मी ऑफिसात. आम्हाला मासळी देणाऱ्या कृष्णाबाई एकदा पाटी उतरवून आईंसमोर बसल्या आणि म्हणाल्या, "काकू, चला माझ्यासंगं पाण्यात. रडायचा तर पाण्यात रडा, कुनाला दिसत नाय." आई गेल्या. साठी उलटलेली बाई जुन्या पंजाबी ड्रेसवर पोहायला शिकली. आधी रडत असतील, मला ठाऊक नाही. पण सहा महिन्यांत घरी येऊन नाश्ता मागायला लागल्या, आणि मग माझ्या पोह्यांना नावं ठेवायला लागल्या, तेव्हा आम्ही निश्चिंत झालो.

गेल्या दसऱ्याला त्या तळं ओलांडायला निघाल्या आणि निम्म्यातून परत फिरल्या. दम लागला. काठावरचे सगळे "काही हरकत नाही हं काकू" म्हणाले, आणि तेच त्यांच्या जिव्हारी लागलं. तेव्हापासून वर्षभर एकच ध्यास: या दसऱ्याला पलीकडे जायचं.

आणि मध्ये मी तडमडले.

मी इरा. बेलापूरच्या एका कंपनीत उपग्रहानं काढलेली चित्रं वाचायचं काम करते. नातेवाइकांना वाटतं मी रॉकेट सोडते. मी दिवसभर खुर्चीत बसून चौकोन बघते. उपग्रहाला जमीन चौकोनाचौकोनांची दिसते, एकेक चौकोन आमच्या बिल्डिंगच्या अख्ख्या मजल्याएवढा. पाण्यात शेवाळ वाढलं की पाणी ऊन वेगळ्या तऱ्हेनं परत फेकतं. माणसाच्या डोळ्याला न दिसणारा एक रंग त्यात वाढतो. तो वाढला की आम्ही तो चौकोन लाल करतो. स्वच्छ असेल तर निळा. "हिरव्या शेवाळाला लाल का गं?" असं आईंनी एकदा विचारलं होतं. "पद्धत असते, आई," असं मी म्हटलं. कसल्या रुबाबात म्हटलं होतं, देवा.

तर तलाव समितीचे अध्यक्ष दयारामकाका गणपतीत भेटले आणि म्हणाले, "सूनबाई, तू येवढी शिकलेली. आपल्या तलावासाठी कायतरी कर की." झालं. मला कुणी शिकलेली म्हटलं की माझ्या अंगात येतं. मी म्हटलं, काका, तुमच्या तळ्याची तब्येत मी आकाशातून सांगते.

आता आकाशातून सांगायचं तर आकाश मोकळं हवं. भाद्रपदात पनवेलवर ढग असे बसलेले असतात की जणू भाडं भरलंय. महिन्याभरातून एकच चित्र जरा बरं मिळालं, त्यातही ढगांच्या सावल्या. पाणी कुठे संपतं आणि जमीन कुठे सुरू होते हे कॉम्प्युटरला ओळखता येईना. मग मी काय केलं? आमच्या ऑफिसात पडून असलेल्या जुन्या नकाशातली तळ्याची हद्द उचलली आणि त्या चित्रावर चिकटवली. हद्दीच्या आतलं ते सगळं तळं. संपला विषय.

हाताखालच्या पोरांना मी घसा कोरडा करून सांगत असते की बाबांनो, जागेवर जाऊन पडताळा घेतल्याशिवाय चित्रावर विश्वास ठेवू नका. हे तळं माझ्या बाल्कनीखाली होतं. मी खाली उतरले नाही. लिफ्ट चालू होती, तरी नाही.

नकाशा तयार झाला आणि बघते तर काय, तळ्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा लालभडक! खरं तर अशा वेळी शहाण्या माणसाला शंका येते. मला आनंद झाला. काहीतरी सापडलं ना! देवळाच्या सभागृहात मी पडद्यावर ते चित्र लावलं, काठी घेऊन लाल भागावर टकटक केलं आणि "विषारी शेवाळाची शक्यता नाकारता येत नाही" असं एक वाक्य टाकलं. लोकांनी श्वास रोखला. मग टाळ्या वाजल्या. दयारामकाकांनी नारळ दिला. मी नारळ घेऊन घरी येईपर्यंत तळ्याच्या फाटकाला कुलूप लागलेलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी त्यावर फलक: "उपग्रहाच्या सूचनेनुसार पाण्यात उतरण्यास सक्त मनाई. यंदाचे सीमोल्लंघन रद्द."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

आई भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या सकाळी सवयीनं उठायच्या, चहा करायच्या, बाल्कनीत उभ्या राहून कुलपाकडे बघायच्या. दोन-तीन दिवसांनी मी स्वयंपाकघरात गेले तर आई स्टुलावर पालथ्या पडून, हवेत हात मारत होत्या. एक हात पुढे, एक हात मागे. पाय ओट्याच्या खाली आपटत होते. गॅसवर वरण उतू जात होतं.

"आई! अहो पडाल!"

"पडू दे. दम टिकवायला हवा," त्या तशाच पालथ्या म्हणाल्या. "कुलूप काय, आज आहे उद्या नाही."

मी गॅस बंद केला आणि खालीच बसले. मग त्याही स्टुलावरून उतरून माझ्यासमोर बसल्या आणि पहिल्यांदा ते सांगितलं. आईंचं माहेर याच आळीतलं. लहानपणी दसऱ्याला त्यांचे तिघं भाऊ तळं ओलांडायचे. मुलींना पाण्यात परवानगी नव्हती. मुलींचं काम एवढंच की तळ्याला वळसा घालून पलीकडच्या पायऱ्यांवर जायचं आणि टॉवेल धरून उभं राहायचं. भाऊ पाण्यातून यायचे, टॉवेल घ्यायचे, हातावर पान ठेवायचे. "ओलं असायचं ते पान. मला वाटायचं, खरं सोनं असलं तर असंच गार लागत असेल," आई म्हणाल्या. "लग्न होईपर्यंत टॉवेलच धरला मी. एकदा मला त्या बाजूनं यायचंय, बस."

शास्त्र एका बाजूला आणि ही बाई एका बाजूला, आणि शास्त्राच्या बाजूला कोण उभं, तर मी, जिला पोहता येत नाही आणि जी बादलीतल्या पाण्यालाही वचकून असते.

"आई, पण पाणी खरंच खराब असेल तर? मी तुम्हाला कशी जाऊ देऊ?"

"मग बघ ना खराब आहे का ते. आकाशातून बघितलंस, आता खालून बघ."

शहाण्याला शब्दाचा मार. मी दयारामकाकांकडे गेले आणि लाल भागातल्या पाण्याची बाटली भरून लॅबला द्यायची परवानगी मागितली. शेवाळ उपग्रहाला दिसतं, पण जंतूबिंतू त्याच्या बापाला दिसत नाहीत; ते लॅबच सांगणार. काका म्हणाले, "घे की. पन जानार कशी? होडी तर नाय." वरदनं जासईच्या पंक्चरवाल्याकडून ट्रकची जुनी ट्यूब आणली. आणि रविवारी सकाळी त्या ट्यूबमध्ये मी बसले.

बसले म्हणजे अडकले. हात-पाय वर, मध्ये मी, मांडीवर दोन बाटल्या आणि गळ्यात मोबाइल. पुढे दोरी धरून माझ्या अडुसष्ट वर्षांच्या सासूबाई पोहत आहेत, मागून कृष्णाबाई ढकलत आहेत, आणि बाल्कनीत माझा नवरा व्हिडिओ काढतोय. पीएच.डी. होता होता राहिलेली एक बाई संशोधनासाठी जलमार्गे निघाली होती.

"हलू नको," कृष्णाबाई म्हणाल्या.

"मी हलत नाही, मी थरथरतेय."

"मंग थरथरू नको. पापलेट पन येवढा थरथरत नाय."

मोबाइलवर माझा नकाशा उघडा होता. आपण कुठे आहोत ते दाखवणारा निळा ठिपका तळ्याच्या मधोमध आला. आजूबाजूला सगळे निळे चौकोन. एक बाटली तिथली भरली. पाणी दिसायला नितळ होतं. माझा हात कोपरापर्यंत दिसत होता. लाल भाग पुढे होता.

"पुढे, आई. अजून पुढे."

आई ओढत राहिल्या. आणि ट्यूब भिंतीला धाडकन आपटली.

मी मोबाइल बघितला. निळा ठिपका लाल भागाच्या कडेला जेमतेम टेकला होता. सगळा लाल भाग अजून पुढेच.

"पुढे चला," मी म्हटलं.

"पुढे कुठे?" आई भिंतीला धरून धापा टाकत म्हणाल्या. "पुढे लॉन आहे."

"लॉन नाही हो, तळं! माझ्या नकाशात इथे तळं आहे!"

"होतं की. पार त्या पायऱ्यांपर्यंत होतं. नंतर भर टाकून लॉन केलं. तुला ठाऊक नाही?"

मी भिंतीवरून मान वर काढली. समोर माझं रोजचं लॉन. हिरवंगार, पावसानं तट्ट फुललेलं. मी ज्याच्यावर बुटांनी चकरा मारते ते. गवतसुद्धा ऊन तसंच परत फेकतं, शेवाळासारखं, किंबहुना जास्तच. जुन्या हद्दीच्या आत जे जे हिरवं होतं त्याला मी शेवाळ म्हटलं होतं. विषारी. शक्यता नाकारता येत नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा, त्यातही माझा वळसा अंतराळातून.

आणि नेमकं त्याच क्षणी लॉनवरच्या हास्य क्लबानं दोन्ही हात वर करून सुरुवात केली. हा हा हा! हो हो हो! चाळीसएक माणसं, तोंडं माझ्याकडे. त्यांचा काही दोष नाही, त्यांची वेळच ती. पण मला ट्यूबमधून बाहेर पडून पळताही येईना.

बाटलीचा निकाल चारएक दिवसांनी आला. पाणी पोहायला चांगलं. दरवर्षी असतं तसं. मी ऑफिसात बसून नकाशातली जुनी हद्द पुसली, भिंतीपाशी नवी ओढली आणि सगळं तळं निळंशार झालं. एवढंच काम होतं. हे आधी केलं असतं तर नारळ मिळाला नसता, पण अब्रू राहिली असती.

तोंड लपवत दयारामकाकांकडे गेले आणि सगळं सांगितलं. काका ऐकत राहिले. मी लॉन म्हटलं तेव्हा त्यांचा हात चहाच्या कपावर थांबला.

"तू हे माइकवर सांगनार?"

"सांगायला हवं ना काका. चूक माझी आहे."

"तुझी चूक, बरोबर हाय. पन लोकं विचारतील, तळ्याच्या नकाशात लॉन कसा? भर कुनी टाकली?" ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "आमीच टाकली. तवा तिकडं नुसता चिखल व्हता, डास व्हते, पोरांना ताप यायचा. आमाला वाटला, चांगलाच करतोय. आता नव्या पोरांना वाटतं तळं पयल्यापासून येवढंच हाय. वाटू दे ना." मग आवाज उतरवून म्हणाले, "सूनबाई, तू असं सांग, समितीनं औषध टाकला आनि पानी सुधारला. तुझी इज्जत राहील, माझीपन. कुलूप मी काढतो. रमाताईंना पोहायला मिळतं ना? मंग?"

मला वाटलं होतं मी बाणेदारपणे उठून उभी राहीन. मी म्हटलं, "चालेल काका." इतक्या पटकन म्हटलं की तेच दचकले. घरी येताना मी स्वतःला समजावत होते की हे आईंसाठीच करतेय. खोटं. मला फक्त त्या सभागृहात परत उभं राहून मूर्ख दिसायचं नव्हतं.

आईंना एवढंच सांगितलं की कुलूप निघतंय. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "काय सांगणारेस लोकांना?"

"पाणी सुधारलं म्हणून."

"असं," त्या म्हणाल्या, आणि आपट्याची पानं निवडायला बसल्या.

दसऱ्याला देवळापासून भिंतीपर्यंत माणसंच माणसं. आमच्या आळीतली, करंजाडेच्या नव्या टॉवरांतली, हास्य क्लब तर गणवेशात. फलक नवा होता: "उपग्रहानेही दिली स्वच्छतेची पावती!" लॉनवर भिंतीपाशी मांडव, माइक, शाल, श्रीफळ. मी माइकवर गेले आणि पाठ केलेलं म्हणून दाखवलं. समितीचे अथक प्रयत्न, योग्य औषधयोजना, आधुनिक तंत्रज्ञान. टाळ्या वाजल्या. या टाळ्यांची चव अगदी उतू गेलेल्या वरणासारखी होती.

पलीकडे देवळापाशी पुरुष उतरले, मग बायका. आईंच्या डोक्यावर निळी टोपी आणि टोपीखाली प्लास्टिकच्या पिशवीत पानं. मी टॉवेल छातीशी धरून भिंतीवर वाकून बघत होते. पुरुष आले, वर चढले, पानं वाटली, फोटो झाले. कृष्णाबाई आल्या. एकेक बाई आली. निळी टोपी मागे, एकटी.

मध्यावर ती थांबली. गेल्या वर्षी जिथून फिरल्या तिथेच.

"अरे देवा," मी म्हटलं. मला पोहता येत असतं तर मी उडी मारली असती. येत नव्हतं म्हणून नुसती भिंत आवळून उभी राहिले. कुणीतरी म्हणालं, "काही हरकत नाही काकू, फिरा मागे!" मी त्या माणसाकडे असं बघितलं की तो गर्दीत विरघळला. आई उताण्या झाल्या. पाण्यावर नुसत्या पडून राहिल्या, आकाशाकडे तोंड करून. पोट वरखाली होताना दिसत होतं. मग सावकाश वळल्या आणि हात मारायला लागल्या. एक हात पुढे, एक हात मागे. स्टुलावर मारायच्या तसेच.

त्या भिंतीला लागल्या तेव्हा मी रडत होते आणि मला त्याची मुळीच लाज वाटली नाही. लोखंडी शिडीवरून त्या वर आल्या. टाळ्या, शिट्ट्या, "काकू झिंदाबाद!" दयारामकाका शाल उघडून पुढे झाले.

आई शालीच्या बाजूनं निघून गेल्या.

ओलीचिंब बाई, अनवाणी, थेट लॉनवरून चालायला लागली. "गवतावर चालू नये" या पाटीच्या शेजारून. पाण्याची धार मागे ठेवत. टाळ्या अडखळल्या.

"रमाताई! अवो, झाला की! पोचलात तुमी!" काका हाका मारत मागे गेले.

आई थांबल्या नाहीत. "नाही पोचले, दयाराम," त्या चालता चालताच म्हणाल्या. "काठ तिकडे आहे. तुला माहितेय."

गर्दीत कुणीतरी हसलं. "काकूंच्या डोक्यात पाणी गेलं वाटतं." आणखी दोघं-चौघं हसले. झालं, माझं डोकं फिरलं. अख्ख्या आयुष्यात मला दुसऱ्यांवर ओरडायला उत्तम जमतं, तोच गुण त्या दिवशी कामाला आला. मी माइक ओढून घेतला.

"हसताय काय? त्यांना बरोबर कळतंय कुठे जायचं ते! तळं तिथपर्यंत होतं. त्या चार पायऱ्यांपर्यंत. आत्ता तुम्ही सगळे तळ्यात उभे आहात!" लोक नकळत पायांकडे बघायला लागले. "पाणी बिघडलंच नव्हतं, त्यामुळे सुधारायचा प्रश्नच नाही. औषधबिवषध काही नाही. माझ्याकडे जुना नकाशा होता, त्यात इथे पाणी होतं, आणि मी या गवताला विषारी शेवाळ म्हटलं. रोज याच्यावरून चालते आणि तरी म्हटलं! मूर्ख मी आहे, त्या नाहीत!"

मी दयारामकाकांकडे बघायला घाबरत होते. ते लॉनच्या मध्यावर शाल घेऊन उभे होते. मग त्यांनी खाली वाकून पायातल्या चपला काढल्या, पाण्याच्या कडेला काढतात तशा, आणि हातात धरल्या. "त्याच पायरीवरनं उडी मारायचो मीपन," ते म्हणाले. कुणाला म्हणाले कोण जाणे.

तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की आई पायऱ्यांपाशी पोचल्यात आणि सगळ्यात खालच्या पायरीपुढे नुसत्या उभ्या आहेत. थंडीनं कुडकुडत होत्या, पण वर चढत नव्हत्या. वरच्या पायरीकडे बघत होत्या. तिथे कुणीच नव्हतं.

टॉवेल माझ्या हातात होता. मी माइक टाकला आणि धावले. इतक्या वर्षांच्या चकरा त्या दिवशी कामी आल्या. त्यांना वळसा घालून पायऱ्यांच्या मागून वर चढले, जिथे बुटाची नाडी बांधते तिथे उभी राहिले आणि दोन्ही हातांनी टॉवेल पुढे धरला.

आई चार पायऱ्या चढून वर आल्या. टॉवेल घेतला, तोंड पुसलं, टोपी काढली. पिशवी सोडली तर आत पाणी शिरलेलं. त्यांनी एक पान काढून माझ्या हातावर ठेवलं. ते ओलं आणि गारगार होतं.

"सोनं घे," त्या म्हणाल्या. मी पाया पडायला वाकले तर त्यांनी खांद्याला धरून थांबवलं.

"तुझ्या नकाशातली जुनी रेघ आहे, का पुसलीस?"

"पुसली, आई. चुकीची होती ना."

"घरी गेल्यावर परत काढ," आई म्हणाल्या, आणि दुसरं पान घेऊन, चपला हातात धरून उभ्या असलेल्या दयारामकाकांसाठी पायरी उतरल्या.